नाजूक भागांवरील केस काढणे

नाजूक भागांवरील केस काढणे म्हणजे काख, जांघ, जननेंद्रियांभोवतालचा भाग, गुदद्वाराभोवतीची त्वचा, स्तनाग्रांचा परिसर अशा पातळ व घडीदार त्वचेवरील केस वस्तरा, कात्री, ट्रिमर, रासायनिक मलम किंवा मेण यांच्या साहाय्याने कापणे, विरघळवणे अथवा उपटणे होय. धार्मिक रूढी, सौंदर्यदृष्टी, स्वच्छतेची कल्पना, घामाचा त्रास आणि शस्त्रक्रियेची पूर्वतयारी ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. निरोगी व्यक्तीला हे केस काढण्याची वैद्यकीय गरज नसते. केस काढणे वा न काढणे ही वैयक्तिक निवड आहे. मात्र ही निवड अमलात आणताना त्वचेला होणाऱ्या सूक्ष्म जखमांमुळे पुरळ, गळवे, बुरशीजन्य रोग आणि रक्तावाटे पसरणारे संसर्ग होऊ शकतात. या विषयावर उघडपणे बोलण्याचा संकोच असल्याने अनेकदा चुकीची साधने वापरली जातात व उपचारांना उशीर होतो.

नावे आणि परिभाषा

केस कापण्याच्या क्रियेला मराठीत हजामत, क्षौर, श्मश्रू, मुंडण, भादरणे असे अनेक शब्द आहेत. श्मश्रू हा शब्द मुळात दाढी-मिशांचा वाचक असला तरी मराठीत तो हजामत या अर्थाने रूढ झाला. अंगावरील केसांना संस्कृतात लोम किंवा रोम म्हणतात. केस ज्या सूक्ष्म पिशवीतून उगवतो तिला रोमकूप अशी संज्ञा आहे. काखेत येणाऱ्या गळवाला मराठीत काखमांजरी असे स्वतंत्र नाव आहे.

त्वचेची रचना

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा बनलेला असून त्याला शृंगी थर म्हणतात. शरीरातील ओलावा राखणे व बाहेरील जंतू आणि रसायने रोखणे हे त्याचे कार्य होय. वस्तऱ्याचे पाते केसाबरोबर या थराचा काही भागही खरवडून काढते. त्यामुळे रक्त आले नाही तरी हजामतीनंतर त्वचेचे संरक्षण काही काळ उणावलेले असते.

काख व जांघ या भागांत अ‍ॅपोक्राइन प्रकारच्या घामग्रंथी असतात. त्या पौगंडावस्थेत कार्यरत होतात. त्यांचा स्राव मुळात फारसा वास देणारा नसतो. त्वचेवरील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा दर्प निर्माण होतो. या भागांत त्वचेवर त्वचा घासली जाते, हवा कमी खेळते आणि ओलावा टिकून राहतो. तेथील केस घर्षण कमी करण्यास मदत करतात. केस जाड व कुरळे असल्याने ते कापल्यावर त्यांची टोके अणकुचीदार होतात व उगवताना पुन्हा त्वचेत शिरू शकतात.

निरनिराळ्या भागांतील त्वचेची शोषणक्षमता सारखी नसते. फेल्डमन व माइबाख यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हायड्रोकॉर्टिसोन हे औषध हाताच्या पुढील भागाच्या तुलनेत काखेतून सुमारे साडेतीन पट, तर अंडकोषाच्या त्वचेतून सुमारे ४२ पट अधिक शोषले गेल्याचे आढळले. दंडावर निरुपद्रवी ठरणारे मलम जांघेत दाह का करते, याचे एक उत्तर या फरकात आहे.

इतिहास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सदाचरणाच्या नियमांमध्ये डोक्याचे केस, दाढी-मिशा, अंगावरील केस व नखे पंधरवड्यातून तीन वेळा काढावीत असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावरील साठ उपक्रमांमध्ये लोमापहरणाचा, म्हणजे केस काढण्याचा, समावेश आहे. केसांनी वेढलेली जखम नीट भरून येत नसेल तर वस्तरा, कात्री किंवा चिमटा यांनी तेथील केस काढावेत, असा तेथील निर्देश आहे. त्याच ठिकाणी शंखाचे चूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग शुक्त नावाच्या आंबवलेल्या द्रवात वाटून तयार केलेल्या लोमनाशक लेपाचेही वर्णन येते. हरताळ हे आर्सेनिकचे संयुग असल्याने असा लेप आज वापरण्यायोग्य मानला जात नाही.

धार्मिक रूढींमध्ये या बाबतीत एकवाक्यता नाही. इस्लाममध्ये जांघेतील केस काढणे व काखेतील केस उपटणे हे निसर्गसिद्ध शुचितेच्या आचारांत गणले जाते आणि त्यासाठी चाळीस दिवसांची कमाल मर्यादा हदीसमध्ये सांगितली आहे. याउलट हिंदू धर्मशास्त्रातील क्षौरविधीच्या काही वर्णनांत काख, उपस्थ व शेंडी वगळून केस काढावेत असे म्हटले आहे. शीख परंपरेत शरीरावरील कोणतेही केस न कापणे हा नियम आहे.

महाराष्ट्रातील गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. धोकटीत वस्तरा, कात्री, वाटी व आरसा घेऊन तो घरोघरी जात असे. दाढी आणि डोक्याबरोबर काखा काढणे हेही त्याच्या कामात मोडत असे. एकच वस्तरा चामड्यावर परजून अनेकांसाठी वापरला जाई. किंग कँप जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत बदलत्या पात्याच्या रेझरसाठी पेटंट मिळाले. स्वस्त, फेकून देण्याजोगी पाती उपलब्ध झाल्यावर घरच्या घरी हजामत करणे सुलभ झाले. वस्तरा धरण्याचे कौशल्य पूर्वी एका व्यावसायिकाकडे होते. आता साधन प्रत्येकाच्या हाती आले, परंतु नाजूक भागांबाबतची माहिती त्याबरोबर पोहोचली नाही.

रुग्णालयांतील प्रथा आणि तिच्यातील बदल

विसाव्या शतकात शस्त्रक्रिया व प्रसूती यांपूर्वी संबंधित भागाची वस्तऱ्याने हजामत करणे हा जगभरच्या रुग्णालयांत सर्वसाधारण नियम होता. केस अस्वच्छ असतात व ते काढल्याने जंतुसंसर्ग टळतो, ही त्यामागील समजूत होती. या समजुतीची प्रत्यक्ष पडताळणी झाली तेव्हा निष्कर्ष उलट निघाले.

अमेरिकेत जॉन्स्टन व सिडॉल यांनी १९२२ साली प्रसूतीपूर्वी हजामत केलेल्या व न केलेल्या स्त्रियांची तुलना केली. हजामतीमुळे संसर्ग घटल्याचे दिसले नाही. सेरोपियन व रेनॉल्ड्स यांनी १९७१ साली ४०६ शस्त्रक्रियांच्या जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तऱ्याने केस काढलेल्या रुग्णांत जखमेच्या संसर्गाचे प्रमाण ५.६ टक्के होते. केस न काढलेल्या किंवा रासायनिक मलमाने काढलेल्या रुग्णांत ते ०.६ टक्के होते. हजामत आणि शस्त्रक्रिया यांतील अंतर वाढत गेले तसे प्रमाणही वाढले. लगेच आधी हजामत केलेल्यांत ते ३.१ टक्के, चोवीस तासांच्या आत केलेल्यांत ७.१ टक्के, तर त्याहून आधी केलेल्यांत २० टक्क्यांहून अधिक होते. पात्याने पडलेल्या सूक्ष्म ओरखड्यांत जिवाणूंना वाढण्यास मिळालेला अवधी हे याचे कारण मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली प्रसूतीपूर्वीची सरसकट हजामत ही स्पष्टपणे हानिकारक किंवा निरुपयोगी आणि म्हणून बंद करण्याजोग्या प्रथांमध्ये गणली. २०१८ सालच्या प्रसूतिविषयक शिफारशींतही तीच भूमिका कायम आहे. शस्त्रक्रियेबाबत २०१६ साली संघटनेने केस शक्यतो काढूच नयेत, अगदी आवश्यक असल्यास केवळ केस कापण्याच्या यंत्राने आखूड करावेत आणि वस्तरा वापरू नये, अशी ठाम शिफारस केली. म्हणून शस्त्रक्रियेसाठी वा प्रसूतीसाठी दाखल होण्यापूर्वी रुग्णाने घरीच हजामत करून जाणे हिताचे नाही. केस काढण्याची गरज आहे का, हे रुग्णालयातील डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारून ठरवावे.

सर्वसाधारण समज

केस म्हणजे अस्वच्छता: अमेरिकेतील ३,३१६ स्त्रियांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जांघेतील केस कापण्याचे वा काढण्याचे कारण म्हणून ५९ टक्के स्त्रियांनी स्वच्छता असे सांगितले. वास्तविक रोजच्या आंघोळीत पाणी व सौम्य साबण यांनी हा भाग धुतला आणि कोरडा ठेवला तर केसांसह तो स्वच्छ राहतो. काखेतील केस आखूड केल्याने घाम व दर्प रेंगाळणे काही प्रमाणात कमी होऊ शकते. त्यासाठी त्वचा गुळगुळीत करण्याची आवश्यकता नसते. मासिक पाळीच्या काळात केस काढलेच पाहिजेत, या समजुतीलाही वैद्यकीय आधार नाही.

हजामतीने केस दाट होतात: मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ साली केलेल्या मोजमापांत हजामतीमुळे केसांची जाडी वा वाढीचा वेग बदलत नसल्याचे दिसले. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, तर कापलेल्या केसाचे टोक बोथट असते. त्यामुळे नव्याने उगवणारे केस खरखरीत व दाट भासतात.

जितके गुळगुळीत तितके चांगले: त्वचेच्या पातळीखाली केस कापला गेला तर तो आत वळण्याची शक्यता वाढते. नाजूक भागांत अर्धा सेंटिमीटर केस शिल्लक ठेवणे हे आरोग्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित ठरते.

साधने

कात्री व ट्रिमर: टोके बोथट असलेली लहान कात्री किंवा संरक्षक फणी लावलेला ट्रिमर यांनी केस आखूड करणे ही सर्वांत कमी जोखमीची पद्धत होय. यात पाते त्वचेला प्रत्यक्ष लागत नाही. ट्रिमर कोरड्या त्वचेवर वापरावा व त्याची फणी दर वेळी धुऊन वाळवावी. चेहऱ्यासाठी व जांघेसाठी फणी वेगळी असावी.

रेझर: एक किंवा दोन पात्यांचा साधा रेझर पुरेसा असतो. अधिक पात्यांच्या रेझरमध्ये पहिले पाते केस किंचित वर ओढते व पुढचे तो त्वचेखाली कापते. कुरळे केस असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. उघड्या पात्याचा वस्तरा स्वतःच्या जांघेत वापरणे टाळावे. नुसते ब्लेड बोटांत धरून केस काढण्याची सवय विशेष धोक्याची आहे, कारण त्यात कोन व दाब यांवर नियंत्रण राहत नाही.

रासायनिक मलमे व भुकट्या: केस काढण्याच्या मलमांतील थायोग्लायकोलेट हे रसायन केसातील केरॅटिन या प्रथिनाचे बंध तोडते. हेच प्रथिन त्वचेच्या वरच्या थरातही असते. मलम अतिशय अल्कधर्मी असल्याने ते ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ ठेवल्यास त्वचा भाजते. जननेंद्रियांवर वापरू नये अशी सूचना अनेक वेष्टनांवर छापलेली असते. वापरापूर्वी दंडाच्या आतील बाजूस थोडे मलम लावून चोवीस तास वाट पाहावी. भारतात मिळणाऱ्या काही स्वस्त भुकट्यांत बेरियम सल्फाइड असते. ते पोटात गेल्यास रक्तातील पोटॅशियम घटून स्नायू लुळे पडतात व जीव धोक्यात येतो. अशी भुकटी घरात मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

मेण: वॅक्सिंगमध्ये केस मुळासह उपटला जातो. मेण अति गरम असल्यास भाजते आणि त्वचेचा वरचा थर सोलला जाण्याचीही शक्यता असते. मुरुमांसाठी रेटिनॉइड गटातील औषधे घेणाऱ्यांनी ते टाळावे.

लेझर: लेझर किरण केसातील रंगद्रव्य तापवून रोमकूप निकामी करतात. गव्हाळ व सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने भाजण्याचा व डाग पडण्याचा संभव असतो. त्यामुळे हे उपचार त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करून घ्यावेत.

वस्तऱ्याने केस काढण्याची पद्धत

१. घाई, अपुरा उजेड व अडचणीची जागा टाळावी. निसरड्या न्हाणीघरात उभ्याने हजामत करू नये. बसून आणि समोर आरसा ठेवून काम करावे.
२. लांब केस आधी कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड करावेत. लांब केसांवर सरळ रेझर फिरवल्यास केस ओढले जातात व पाते अडकते.
३. तो भाग कोमट पाण्याने तीन ते पाच मिनिटे भिजवावा. पाणी शोषलेला केस मऊ होतो व कमी दाबात कापला जातो. म्हणून आंघोळीनंतरची वेळ सोयीची असते.
४. हात धुऊन सुवासिक द्रव्ये नसलेले दाढीचे क्रीम किंवा जेल लावावे. कोरड्या त्वचेवर पाते फिरवू नये.
५. नवे पाते वापरावे. एका हाताने त्वचा हलकेच ताणून सपाट करावी व केसांच्या वाढीच्या दिशेने, दाब न देता, आखूड फटकारे मारावेत.
६. प्रत्येक एकदोन फटकाऱ्यांनंतर पाते पाण्यात धुवावे. एकाच जागेवरून पुनःपुन्हा पाते फिरवू नये.
७. शेवटी गार पाण्याने धुऊन स्वच्छ पंचाने टिपून घ्यावे. घासून पुसू नये.
८. सुगंधरहित साधे मलम किंवा पेट्रोलियम जेली यांचा पातळ थर लावावा. अत्तर, दुर्गंधीनाशक फवारा, दाढीनंतरचे मद्यार्कयुक्त लोशन किंवा पाणी न मिसळलेला जंतुनाशक द्राव लावू नये.
९. एकदोन दिवस सैल, सुती कपडे वापरावेत. पुन्हा हजामत करण्यापूर्वी त्वचेची लाली पूर्ण जाऊ द्यावी.

लहानशी कापणी झाल्यास स्वच्छ कपड्याने काही मिनिटे दाबून धरावे. न्हाव्याकडे वापरला जाणारा तुरटीचा खडा रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्त थांबवतो, पण नाजूक भागांत त्याची आग होते. अनेकांसाठी वापरलेला खडा वापरू नये.

भागानुसार घ्यावयाची काळजी

काख: येथील केस एकाहून अधिक दिशांना वाढतात. हात डोक्यावर घेऊन त्वचा ताणावी व दिशा पाहून वरून खाली, नंतर आवश्यक तेथे बाजूने पाते फिरवावे. रात्री हजामत केल्यास दुर्गंधीनाशक लावण्यापूर्वी त्वचेला काही तास विश्रांती मिळते.

जांघ व ओटीपोटाखालचा भाग: जाड व कुरळ्या केसांमुळे आत वळलेल्या केसांचा त्रास येथे अधिक होतो. हा भाग ट्रिमरने आखूड करणे श्रेयस्कर मानले जाते.

अंडकोष: येथील त्वचा सैल, सुरकुतलेली व पातळ असते. पाते लावायचेच असल्यास त्वचा पूर्ण सपाट ताणल्याशिवाय लावू नये. फणी लावलेला ट्रिमर हाच येथे सुरक्षित पर्याय होय. रासायनिक मलम वापरू नये.

स्त्रियांचे बाह्य जननेंद्रिय: केस केवळ बाहेरील ओष्ठांवर असतात. आतील ओलसर श्लेष्मल त्वचेला पाते, मलम किंवा साबण लागू देऊ नये.

गुदद्वाराभोवतीचा भाग: हा भाग स्वतःला दिसत नाही आणि तेथील जखमेचा विष्ठेतील जिवाणूंशी संपर्क येतो. येथील केस न काढणेच उत्तम.

स्तनाग्रांभोवतालचे केस: विरळ केस लहान कात्रीने कापावेत. ते उपटल्यास गळू होण्याचा संभव असतो.

होणारे त्रास

अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत जांघेतील केस कापणाऱ्या वा काढणाऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी कधी ना कधी इजा झाल्याचे सांगितले. त्यांत कापण्याच्या जखमा सर्वाधिक होत्या. त्याखालोखाल भाजणे व पुरळ यांचा क्रम होता.

पात्याचा दाह: हजामतीनंतर काही तासांत लाली, खाज व आग होते. थंड पाण्याची घडी ठेवल्याने आराम पडतो आणि एकदोन दिवसांत त्रास ओसरतो.

आत वळलेले केस: कापलेला कुरळा केस त्वचेत शिरून त्याभोवती लालसर पुटकुळी उठते. ती नखाने किंवा सुईने टोकरू नये. काही आठवडे हजामत थांबवल्यास बहुतेक केस आपोआप बाहेर येतात. वारंवार दाह झाल्यास तेथे काळे डाग पडतात.

रोमकूपशोथ व गळवे: स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे रोमकूपात पू होतो. काखमांजरी झाली असता ती पिळू नये व बरी होईपर्यंत तेथे वस्तरा लावू नये. कोमट पाण्याच्या शेकाने ठणका कमी होतो. काखेत वा जांघेत गळवे पुनःपुन्हा येत असतील, त्यांतून वाहणारी छिद्रे तयार होत असतील, तर तो दीर्घकालीन दाहक रोग असू शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते.

चामखीळ व मोलस्कम: विषाणूजन्य चामखीळ किंवा मोलस्कमचे मोत्यासारखे दाणे असताना हजामत केल्यास विषाणू पात्याबरोबर आसपासच्या त्वचेत पेरला जातो.

गजकर्ण: जांघेतील बुरशीजन्य रोगाला गजकर्ण किंवा नायटा म्हणतात. गोलाकार, कडेला खवले असलेला व पसरत जाणारा चट्टा हे त्याचे लक्षण होय. हा हजामतीमुळे झालेला दाह समजून दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणून लावण्याची प्रथा भारतात व्यापक आहे. अशा मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी वाढत राहते आणि त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे पांढरट व्रण पडतात. २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनिई या नावाने वर्णिलेली बुरशी नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला अनेकदा दाद देत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमांचा औषध नियमांच्या अनुसूची एचमध्ये समावेश केला. त्यामुळे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत.

सामायिक पाती आणि रक्तावाटे पसरणारे रोग

एकाचे पाते दुसऱ्याने वापरल्यास यकृतशोथ ब, यकृतशोथ क आणि एचआयव्ही यांचा प्रसार होण्याचा संभव असतो. यांपैकी यकृतशोथ ब या रोगाचा विषाणू शरीराबाहेर पृष्ठभागावर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. रक्त डोळ्यांना दिसले नाही म्हणून पाते निर्धोक ठरत नाही. पती-पत्नी, भावंडे किंवा वसतिगृहातील सोबती यांनीही रेझर वाटून घेऊ नये. सलूनमध्ये काखेची हजामत करून घेताना पुडीतील नवे पाते आपल्यासमोर बसवण्यास सांगणे हा ग्राहकाचा रास्त आग्रह आहे. पाते बदलल्याने न्हाव्याचेही रक्षण होते, कारण कापण्याची जखम त्याच्या बोटालाही होऊ शकते.

पश्चिम विदर्भातील परिस्थिती

हवामान, पाणी व शेतीकाम यांमुळे या विषयाला स्थानिक परिमाणही लाभते. बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या प्रदेशाचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग मानतात. मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, घाटाखालच्या बाजूस येते. या पट्ट्यात उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. दिवसभर शेतात काम करताना जांघेत व काखेत घाम मुरतो आणि नुकत्याच हजामत केलेल्या त्वचेवर मीठ व घर्षण यांमुळे दाह वाढतो. अशा दिवसांत हजामत संध्याकाळी, काम आटोपल्यावर करणे बरे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजल क्षारयुक्त असल्याने साबणाला फेस कमी येतो. फेस नसेल तर पाते त्वचेवरून घसरण्याऐवजी तिला खरवडते. तेथे हजामतीसाठी साठवलेले पावसाचे किंवा गाळलेले पिण्याचे पाणी थोडे वापरल्यास, अथवा साबणाऐवजी दाढीचे क्रीम वापरल्यास त्रास कमी होतो.

विदर्भातील कापूस उत्पादक भागांत कीटकनाशकांची फवारणी हा आणखी गंभीर मुद्दा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या घटनेचा हजामतीशी संबंध नव्हता. परंतु कीटकनाशक त्वचेवाटेही शरीरात शिरते, हे तिच्यामुळे सर्वदूर चर्चेत आले. माइबाख व सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅराथिऑन हे कीटकनाशक हाताच्या पुढील भागातून सुमारे ९ टक्के शोषले गेले. अंडकोषाच्या त्वचेतून मात्र ते जवळजवळ संपूर्ण शोषले गेले. कमरेइतक्या वाढलेल्या कपाशीतून चालताना फवाऱ्याने पँट व अंतर्वस्त्रे भिजतात. वस्तऱ्याने खरवडलेली त्वचा या विषाला आणखी कमी अडथळा करते. म्हणून फवारणीच्या आधीचे काही दिवस जांघेची हजामत करू नये. फवारणीच्या वेळी कपडे भिजल्यास ते लगेच काढून तो भाग साबण व भरपूर पाण्याने धुवावा.

पौगंडावस्था

काखेत व जांघेत केस येणे हा वयात येण्याचा नैसर्गिक टप्पा आहे. या वयात मुले-मुली संकोचामुळे घरातील मोठ्यांचे वापरलेले पाते गुपचूप घेतात किंवा नुसत्या ब्लेडने केस काढतात. केस राहू दिले तरी आरोग्याला बाधा येत नाही हे पालकांनी व शिक्षकांनी मोकळेपणाने सांगावे. मुलाला वा मुलीला ते काढायचेच असतील तर स्वतंत्र ट्रिमर किंवा रेझर द्यावा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाला २०१४ साली प्रारंभ झाला. त्याअंतर्गत शासकीय आरोग्य संस्थांमध्ये चालणाऱ्या किशोरवयीनांच्या क्लिनिकमध्ये अशा शंका गोपनीयपणे विचारता येतात.

कोणी टाळावे आणि वैद्यकीय मदत केव्हा घ्यावी

मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार वा औषधे, रक्त पातळ करणारी औषधे, रक्त न गोठण्याचे विकार आणि जखमेवर उंच व्रण येण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी नाजूक भागांवर वस्तरा लावू नये. केस आखूड करणे त्यांना पुरेसे ठरते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत स्त्रीला जांघेचा भाग दिसत नसल्याने स्वतः हजामत करणे धोक्याचे असते. त्वचेवर पुरळ, फोड, चट्टा किंवा उघडी जखम असताना कोणीही हजामत करू नये.

दहा मिनिटे दाबूनही रक्त न थांबणे, जखम खोल असणे, लाली दिवसेंदिवस पसरणे, पू येणे, जांघेत गाठ येऊन दुखणे किंवा ताप येणे ही डॉक्टरांकडे जाण्याची लक्षणे आहेत. जननेंद्रिय वा गुदद्वाराभोवती असह्य वेदना, वेगाने वाढणारी सूज, त्वचा काळी-निळी पडणे व ताप ही लक्षणे एकत्र दिसल्यास तो ऊतींचा नाश करणारा दुर्मीळ संसर्ग असू शकतो. तो मधुमेही व्यक्तींत अधिक आढळतो आणि त्यात काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी लाजेस्तव घरगुती उपाय करीत न बसता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

पात्यांची विल्हेवाट

वापरलेली पाती उघडी टाकल्यास सफाई कामगार, कचरावेचक आणि उकिरड्यावर चरणारी जनावरे यांना इजा होते. पाती जाड कागदात गुंडाळून किंवा झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवून, डबा भरल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करावे व त्यावर आत पाती असल्याचे ठळक लिहून तो वेगळा द्यावा. शौचालयात, नाल्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात पाती टाकू नयेत. खड्ड्यातील पाती खताबरोबर शेतात जातात आणि पुढे अनवाणी पायांना लागतात.